मोटारीचा श्वास



माझ्या एका पुतण्यानें गेल्या उन्हाळ्यांत आपल्या मोटारीचें हवा घेण्याचें खोकें उघडलें. आंतली घड्याघड्यांची कागदी गाळणी त्यानें काढून ठेविली, कारखान्यानें बसविलेली वांकडी नळी कापली आणि त्या जागीं बाजारांतून आणलेली शंकूच्या आकाराची एक लाल गाळणी पट्टीनें आवळून टाकली. दुपारभर खपून हें काम त्यानें स्वतःच्या हातांनीं केलें. संध्याकाळीं मला गाडींत बसवून तो पंचगंगेच्या पुलापर्यंत घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, ऐका. आतां इंजिन मोकळा श्वास घेतंय." मीं ऐकलें. आवाज मोठा झाला होता, एवढें मात्र खरें.

मी शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, मोटारीचें शास्त्र पुस्तकांतून जेवढें कळलें तेवढेंच. परंतु इतिहास हा माझ्या आवडीचा विषय आहे, आणि त्या संध्याकाळीं मला जें आठवलें तें इतिहासांत जमा होण्याजोगें आहे असें मला वाटतें. मोटारीच्या हवेच्या वाटेंत घरच्या घरीं फेरफार करण्याचा उद्योग आमच्या भागाला नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तो हौसेनें नव्हे, निरुपायानें करावा लागला. ज्या मोटारवाल्याला तो साधला त्याची गाडी रस्त्यावर राहिली. ज्याला साधला नाहीं त्याची गाडी चाकें काढून ठोकळ्यांवर चढली.

आधीं या श्वासाचें माप सांगतों. आपण म्हणतों मोटार पेट्रोलवर चालते. परंतु एक लिटर पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें अकरा किलो हवा लागते, म्हणजे घनफळानें नऊ हजार लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तितक्याच उंच खोलींतली सगळी हवा तीन लिटर पेट्रोलमागें संपते. तेव्हां इंजिनाचें मुख्य भक्ष्य हवा. पेट्रोल हें त्यांतलें मीठ. हें मीठ बेतानें मिसळण्याची युक्ति शोधण्यांत मोटारीच्या जनकांचीं पहिलीं वर्षें खर्चीं पडलीं. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडींत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून वाहत जाई आणि वाफ घेऊन इंजिनांत शिरे. १८९३ सालीं विल्हेल्म मायबाख यानें बारीक तोटींतून पेट्रोलचा फवारा हवेंत सोडणारा कार्ब्युरेटर काढला, आणि पुढें जवळजवळ शंभर वर्षें जगांतील बहुतेक मोटारी त्याच तत्त्वावर चालल्या.

नवलाची गोष्ट अशी कीं, हवा मोजण्याची एवढी चिंता वाहणाऱ्या या मंडळींनीं ती गाळण्याची चिंता बराच काळ केली नाहीं. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीवर खपलेली फोर्डची मॉडेल टी गाडी घ्या. तिच्या कार्ब्युरेटरला धुराच्या नळाभोंवतींची ऊन हवा आणून देणारी नळी होती; गाळणी मात्र नव्हती. ओल्या, हिरव्या मुलखांत तें खपून जातें. आमच्या खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर पुढच्या गाडीची धूळ मागच्या गाडीच्या पोटांत जाई, आणि इंजिन सहाणेवर चंदन झिजावें तसें आंतून झिजे. पुढें तेलाच्या वाटींतून हवा घेणारी गाळणी आली. युद्धांतल्या जीप गाड्यांना ती होती, आणि पुष्कळांनीं ती पहिल्यानें तेथेंच पाहिली.

आतां इचलकरंजीकडे वळतों. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं येथें पहिला यंत्रमाग आणला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयानें हें गांव कापडाचें गांव बनत गेलें. मिरज-कोल्हापूर रेल्वे त्यापूर्वींच, १८९१ सालीं, सुरू झाली होती. परंतु तिचे रूळ गांवाला बाजूला टाकून हातकणंगल्यावरून गेले. स्टेशन सुमारें दहा किलोमीटर दूर. सूत यावयाचें, कापड जावयाचें, माणसें यावयाचीं-जावयाचीं, तीं बैलगाडीनें किंवा मोटारीनें. उतारूंच्या खासगी मोटारींना तेव्हां 'सर्व्हिस मोटार' म्हणत. टपावर गठ्ठे, आंत माणसें आणि मागच्या शिडीवर लोंबकळणारा क्लीनर, असें तिचें रूप.

१९४१ सालीं पेट्रोलवर नियंत्रण आलें. कुपनावांचून थेंब मिळेना. पुढच्याच वर्षीं ब्रह्मदेश गेला. रंगूनजवळचा सिरियमचा तेलशुद्धीचा कारखाना ७ मार्च १९४२ रोजीं माघार घेणाऱ्या इंग्रजांनीं आपल्याच हातांनीं उडवून दिला, आणि एप्रिलांत येनानजांवच्या तेलविहिरींचीहि तीच गत झाली. घरचें तेल म्हणावें तर आसामांत दिग्बोई येथें; तें सैन्याच्या भुकेपुढें कितीसें पुरणार? सार्वजनिक मोटारींनीं कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसवाव्यात असा सरकारचा आग्रह सुरू झाला.

कल्पना जुनीच होती. कोळशापासून गॅस करून त्यावर स्थिर इंजिनें चालविण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाली होती, आणि आपल्याकडे कांहीं जिनांत व पिठाच्या गिरण्यांत 'सक्शन गॅस'चीं इंजिनें भकभक करीत असत. ती भट्टी लहान करून मोटारीवर चढविण्याची खटपट फ्रान्समध्यें जॉर्ज इम्बेर यानें १९२० नंतरच्या दशकांत केली. युद्ध पेटल्यावर सगळा युरोप या मार्गाला लागला. एकट्या स्वीडनमध्यें सुमारें सत्तर हजार गाड्या लांकडावर नि कोळशावर धांवत होत्या.

हा गॅस म्हणजे काय, हें ज्यांनीं घरांत कोळशाची शेगडी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. निखारे चांगले फुलले म्हणजे त्यांच्या माथ्यावर निळसर ज्योती नाचतात. खालून शिरलेल्या हवेचा आधीं कार्बन डायॉक्साइड होतो. तो वरच्या लाल निखाऱ्यांतून जातांना पुन्हां कोळसा खातो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. वर मोकळी हवा भेटली कीं तोच निळा होऊन जळतो. शेगडीवर झांकण घालून ती ज्योत पेटूं न देतां तो वायु नळीनें इंजिनांत नेला कीं झाली कोळशावरची मोटार! फक्त त्यांत निम्म्याहून अधिक नायट्रोजन असतो, आणि तो जळत नाहीं. म्हणून पेट्रोलवर जी गाडी शंभर वजनाचें काम करी ती गॅसवर पन्नास-साठाचें करी. चढ लागला कीं उतारूंनीं उतरावें आणि खांदा द्यावा, हें ठरलेलेंच.

या काळांतल्या एका क्लीनरला मी ओळखत होतों. मी नोकरीला लागलों तेव्हां, म्हणजे १९८४ च्या सुमारास, ते साठीकडे झुकले होते. आमच्या गल्लींत त्यांचें इंजिनें व माग दुरुस्त करण्याचें छपर होतें आणि सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. शाळा सुटल्यावर मी तेथें बसावयास जात असें. सतराव्या वर्षीं ते सर्व्हिस मोटारीवर भट्टी फुंकावयास लागले होते. पहांटे चारला उठून राख काढावयाची, कोळसा फोडून सुपारीएवढा करावयाचा, चाळून भरावयाचा, पलिता लावावयाचा आणि पंख्याचें हॅंडल मारीत बसावयाचें. वीसेक मिनिटांनीं नळीच्या तोंडाशीं काडी ओढून पाहावयाची. ज्योत निळी आणि स्थिर आली तर गॅस तयार. पिंवळी, फडफडती आली तर अजून हॅंडल मारा. मग सांठविलेल्या दोन पळ्या पेट्रोलवर इंजिन सुरू करावयाचें आणि हलकेंच गॅसवर घ्यावयाचें.

माझ्या पुतण्यानें जेथें हात घातला, त्याच जागीं खरी कारागिरी होती. कार्ब्युरेटर हा एका भाग पेट्रोलला हजारों भाग हवा देण्यासाठीं घडविलेला. गॅसला तर एका भागाला जेमतेम एक भाग हवा लागते. म्हणजे तें तोंड या जेवणाला निरुपयोगी. कोल्हापूरच्या भागांतील मेस्त्री लोकांनीं हें आपल्या पद्धतीनें सोडविलें. त्रिकोणी जोडाचा एक नळ ओतवून घ्यावयाचा. एका फांट्यानें गॅस, दुसऱ्यानें हवा, तिसरा फांटा इंजिनाकडे. हवेच्या फांट्यांत पत्र्याची एक गोल झडप, तिची तार ड्रायव्हरच्या हाताशीं. कारखान्यांत तयार झालेल्या भट्ट्याहि मिळत, परंतु प्रत्येक गाडीचें इंजिन निराळें, म्हणून हा जोड बहुधा गांवांतच व्हावयाचा. मेस्त्री म्हणत, "गुरुजी, इंजनाचं तोंड बदललं, पोट त्येच ऱ्हायलं." गॅस सावकाश जळतो म्हणून ठिणगी अगोदर पाडावी लागे, दाब वाढावा म्हणून कोणी सिलिंडरचें डोकें घासून बसवीत. या सगळ्याला पुस्तक नव्हतें. कान हेंच पुस्तक.

पहिल्या आठवड्यांत त्यांच्या ड्रायव्हरनें एक चूक केली. गाडीला जोर नाहीं, तर हवा जास्त द्यावी, असें त्याला वाटलें आणि त्यानें झडप सताड उघडली. इंजिनानें मागच्या मागें असा बार काढला कीं बाजारांतलीं तट्टें उधळलीं. हवेची तूट नव्हतीच. तूट गॅसची होती, आणि हवा नको तेथून शिरत होती. भट्टीपासून इंजिनापर्यंत सगळा मार्ग ओढीवर चालतो. एखादा सांधा सैल असला तर त्यांतून गॅस बाहेर पडत नाहीं, उलट बाहेरची हवा आंत ओढली जाते, गॅस वाटेंतच पेटतो नि इंजिनाला नुसता धूर मिळतो. मग मेस्त्रींनीं एकेक सांधा सोडून त्याला सफेदा लावला, सुतळी गुंडाळली आणि पुन्हां आवळला. भट्टीच्या झांकणाला ॲस्बेस्टॉसची दोरी घातली. झडप पूर्वींपेक्षां कमी उघडी ठेवूनहि त्याच गाडीनें त्याच चढावर उतारू उतरविले नाहींत.

दुसरी पीडा राखेची. कोळशाची राख निखाऱ्यांबरोबर उडते, आणि तींत वाळूसारखी कठीण रज असते. ती आंत गेली कीं रिंगा जातात, सिलिंडर अंडाकृति होतो, गाडी तेल खाऊं लागते. युद्धांत सुटे भाग सोन्याच्या भावानें मिळत. एकदां इंजिन झिजलें तर मालक बसला. म्हणून भट्टी आणि इंजिन यांच्या मध्यें गाळण्याची पेटी असे. प्रथम एका उभ्या नळकांड्यांत गॅस गरगर फिरवून जाड राख खालीं पाडावयाची, मग लांब नळ्यांतून तो थंड करावयाचा, मग काथ्याचा थर, आणि शेवटीं कापड.

कापडाशीं आलें कीं आमचें गांव आलें. मालकानें हातमागाचा मांजरपाट घेतला. तो दाट विणीचा होता. राख अडली, पण इंजिन गुदमरलें. मग विरळ विणीचें कापड लावलें; इंजिन सुटलें, पण चार दिवसांत तेलांत काजळी दिसूं लागली. महिनाभर हें दाट-विरळ चाललें. शेवटीं एका विणकरानें, ज्याचा मोटारीशीं कांहींएक संबंध नव्हता, विचारलें, कापड दाटच ठेवा, पण तें दारावरच्या पडद्यासारखें एकच कां लावतां? मेस्त्रींनीं लांकडाच्या पातळ चौकटी केल्या, त्यांवर दाट मांजरपाट ताणला आणि शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें त्या पेटींत एकापुढें एक अशा बसविल्या कीं गॅस सर्व चौकटींतून एकदमच वाटून जावा. तेंच कापड, तीच वीण. क्षेत्र तेवढें अनेक पट झालें. इंजिनाला श्वास आणि गाळणी दोन्ही मिळालीं. पावसाळ्यांत मात्र कोळसा ओला निघे, वाफेनें कापड भिजे आणि सगळ्या चौकटी काढून घरोघरच्या चुलींवर शेकाव्या लागत. ती जागा गॅसनें फार तापूंहि देतां येत नसे, कारण मग कापडच करपे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं नि वास नाहीं, आणि रक्तांतल्या ज्या द्रव्यानें आपण प्राणवायु वाहून नेतों त्याला तो प्राणवायूपेक्षां दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धांवत्या गाडींत सारें आंत ओढलें जातें, तेव्हां भय थोडें. गाडी थांबली, ओढ थांबली, तरी भट्टी धुमसत राहते आणि मग गॅस बाहेर झिरपतो. मेस्त्रींच्या बरोबरीचा एक पोरगा थंडीच्या दिवसांत रात्रीं बंद गाड्याखान्यांत भट्टीच्या उबेला निजला. पहांटे हॅंडल मारावयास मेस्त्रींनीं त्याला हांक मारली. तो उठला नाहीं. गाल लाल होते, जसा उन्हांतून खेळून आलेला. मेस्त्री हें सांगत तेव्हां हातांतला पाना खालीं ठेवीत. पेट्रोलअभावीं अडलेल्या वाहतुकीच्या हिशेबांत ही किंमतहि धरावयास पाहिजे, आणि ती फारशी कोणी धरलेली नाहीं.

युद्ध संपलें, पेट्रोल हळूहळू सुटलें, तशा भट्ट्या उतरल्या. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर सरकारी एस. टी. सुरू झाली, १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, खासगी सर्व्हिस मोटारींचे दिवस भरत आले. पत्रा महाग होता, म्हणून भट्ट्या मोडींत गेल्या. एवढी कारागिरी झाली आणि वस्तुसंग्रहालयांत ठेवावयास चार नळ्याहि मागें राहूं नयेत, याचें मला वाईट वाटतें.

कल्पना मात्र पूर्ण विझली नाहीं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिला पुन्हां फुंकर बसली. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेनें लांकडाच्या गॅसवर इंजिनें चालविण्याचें काम हातीं घेतलें, आणि आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनें उसाच्या पाचटासारख्या हलक्या पाल्यापासून गॅस करणाऱ्या भट्ट्यांवर संशोधन केलें. मुंबईच्या टॅक्सी सी. एन. जी. वर आल्या तेव्हां जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत गाळणी आणि कार्ब्युरेटर यांच्या मध्यें गॅस मिसळणारा एक जोड बसविला गेला. तो मीं पाहिला तेव्हां मला मेस्त्रींचा त्रिकोणी नळच आठवला. आतां या गोष्टींना परवाना लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ रचनेंत मनाजोगे बदल करूं देत नाहीं, आणि जानेवारी १९१९ नव्हे, २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या कलमाचा अर्थ अधिक कडकपणें लावला. (शतक चुकण्याची ही संवय शाळेंत मुलें करीत तेव्हां मी त्यांना उभें करीत असें.)

पुतण्याला मीं हें सगळें सांगितलें. आजच्या गाडींत हवा मोजावयास विजेचा एक नाजूक तंतु असतो, तेलकट गाळणीचें तेल त्यावर बसतें; शिवाय कापलेली नळी आतां बाहेरची थंड हवा न घेतां झांकणाखालची तापलेली हवा घेते, आणि तापलेली हवा विरळ असते, हेंहि सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें, पण काढलें नाहीं. वडिलांचेंहि न ऐकणारीं मुलें काकाचें काय ऐकणार!

दिवाळीपूर्वीं त्यानें स्वतःच ती लाल गाळणी सोडली. तिच्यापुढच्या नळींत त्यानें बोट फिरविलें, तें लालसर मातीनें माखलें, आणि मातींत कापसाचे बारीक पांढरे तंतु गुंतले होते. यंत्रमागांच्या गल्लींत राहणाऱ्याला ते कोठून आले हें सांगावें लागत नाहीं. मीं त्याला जुनी कागदी गाळणी आणावयास लावली. ती मळलेली होतीच; तिची चौकट फोडून आम्ही दोघांनीं तो घड्यांचा कागद ओट्यावर पसरला आणि शाळेची फूटपट्टी घेऊन मोजला. खोक्यांतली उघडी जागा सुमारें पांचशें चौरस सेंटिमीटर होती. उलगडलेला कागद सहा हजारांच्या घरांत भरला. पुतण्यानें पुन्हां एकदां मोजून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशीं नवी कागदी गाळणी व नवी नळी घेऊन आला.

मेस्त्री आतां नाहींत. त्यांच्या छपरांत त्यांच्या मुलानें चार यंत्रमाग घातले आहेत. भिंतीशीं लांकडी चौकटींची एक पेटी पडलेली असते. कापड केव्हांच गेलें. खांचे तेवढे राहिले आहेत, आणि प्रत्येक खांच्यांत सुताच्या कांड्या उभ्या करून ठेवलेल्या असतात.